वडील म्हणतात विका, मुलगा म्हणतो ठेवू

वाचकाचे पत्र, थोडक्यात: मी नागपुरात महाविद्यालयात शिकवतो. वय ४९. घरी पत्नी, कॉलेजात जाणारी मुलगी आणि ८१ वर्षांचे वडील. वडिलांनी १९८१ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी अजून आमच्या पोर्चमध्ये उभी आहे. ती चालू होते, पण गेल्या तीन वर्षांत कॉलनीबाहेर गेलेली नाही. रोजच्या वापरातली छोटी गाडी चौदा वर्षांची झाली असून ती आता काढायची आहे. हाताशी आठ लाख रुपये आहेत. पत्नी आणि मुलीला एअरबॅग, एसी आणि ऑटोमॅटिक गिअर असलेली नवी गाडी हवी आहे. मला मात्र वाटते की साडेतीन लाख खर्चून पद्मिनी पूर्ण नवीकोरी करून घ्यावी आणि तीच घरची एकमेव गाडी म्हणून वापरावी. जुन्या गाडीचा पत्रा जाड असतो, ती कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करू शकतो, तिची किंमत वाढत जाते, आणि मुलगी तिच्यावर शिकली तर कुठलीही गाडी चालवू शकेल. वडील स्वतः "विकून टाक, त्या डब्याला किती दिवस पोसशील" असे म्हणतात. आम्हाला खर्चात पाडू नये म्हणून ते तसे बोलत असावेत. आमचे घर फ्लॅट स्कीमला दिले आहे आणि करारात एकच पार्किंग आहे. एक ग्राहक ७० हजार द्यायला तयार आहे, "कागदपत्रांचे नंतर पाहू" म्हणतो. तुम्हीच सांगा, जुनी गाडी चांगली की नवी?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

जुनी की नवी, याचे एका शब्दात उत्तर मिळावे अशी तुमची अपेक्षा दिसते. पण तुमच्या पत्रात एक नव्हे, तीन निर्णय एकमेकांत गुंतलेले आहेत. घरातल्या चार माणसांची रोजची ने-आण कोणत्या गाडीने करायची, हा पहिला. पद्मिनीचे काय करायचे, हा दुसरा. आणि वडिलांशी जे बोलणे अजून झालेले नाही ते कधी करायचे, हा तिसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही दुसऱ्यातून काढू पाहत आहात, तिथेच घोळ होतो आहे. पहिला प्रश्न जिवाशी संबंधित आहे, म्हणून आधी तोच घेऊ.

"जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती मजबूत" हे वाक्य तुमच्यासारखी अनेक सुशिक्षित माणसे बोलतात, आणि ते अर्धे खरे असल्यामुळेच पटकन पटते. मागून येणारी दुचाकी धडकली तर पद्मिनीच्या बंपरला ओरखडा पडेल आणि नव्या गाडीचा प्लास्टिकचा बंपर तुटून हातात येईल, हे मान्य आहे. पण गाडीची मजबुती आणि आतल्या माणसाची सुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २००९ मध्ये, आपल्या पन्नासाव्या वर्षानिमित्त, नेमकी तुमचीच शंका प्रत्यक्ष तपासून पाहिली होती. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची शेवरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे ६४ किलोमीटर वेगाने समोरासमोर, चालकाच्या बाजूने एकमेकींवर आदळवल्या. जुनी गाडी लांबरुंद, लोखंडाने भरलेली. टक्कर झाल्यावर तिची बसायची जागाच चेपली, स्टेअरिंग आणि डॅशबोर्ड चालकाच्या पुतळ्यावर आले. तिथे माणूस असता तर वाचला नसता. नव्या गाडीचे नाक पार चुरगळले, पण केबिन शाबूत राहिली आणि तिच्यातल्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावता आले असते. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळावा अशीच त्याची रचना केलेली असते, कारण धडकेचा जोर पत्रा वाकवण्यात खर्च झाला की तेवढा तो माणसापर्यंत कमी पोहोचतो. चुरगळलेले नाक पाहून आपण "पत्रा पातळ" म्हणतो.

तुमची पद्मिनी १९८१ ची आहे. तिला एअरबॅग नाही हे तर उघडच आहे, पण नंतर कोणी बसवून घेतले नसतील तर सीटबेल्टही नसतील. मोटारीत पुढच्या सीटला पट्टे हवेत ही सक्ती आपल्याकडे १९९४ मध्ये आली. डोक्यामागे आधार नाही, आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक. त्या काळच्या अनेक गाड्यांत ब्रेकच्या तेलाची एकच वाहिनी असे, म्हणजे एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो. हे सगळे बदलून घेता येते का? काही प्रमाणात येते. पट्टे बसवता येतात, पुढे डिस्क ब्रेक लावणारे कारागीरही सापडतात. पण गाडीचा सांगाडा धडक कशी झेलतो, ते साडेतीन लाखांत काय, पस्तीस लाखांतही बदलत नाही.

आता तितक्याच प्रामाणिकपणे दुसरी बाजू. नवी गाडी म्हणजे सुरक्षित गाडी, हे तुमच्या पत्नीचे गृहीतकही तपासून घ्यायला हवे. २०१४ मध्ये ग्लोबल एनसीएपी या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच लोकप्रिय छोट्या गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या आदळून पाहिल्या, तेव्हा मोठ्यांच्या सुरक्षेसाठी पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले होते. त्यानंतर बरेच बदलले. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस, म्हणजे जोरात दाबले तरी चाके अडकू न देणारे ब्रेक आले, चालकासाठी एअरबॅग त्याच वर्षी जुलैपासून बंधनकारक झाली, आणि ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी ही आपली स्वतःची चाचणी सुरू झाली. तेव्हा शोरूममध्ये एअरबॅग मोजण्याआधी त्या मॉडेलला मोठ्यांसाठी किती आणि मुलांसाठी किती तारे आहेत ते विचारा, आणि विक्रेता टचस्क्रीनचे गुणगान करू लागला तर त्याला पुन्हा याच प्रश्नावर आणा. शिवाय पट्टा न लावता बसणाऱ्याला एअरबॅग वाचवत नाही, उलट इजा करू शकते. हे मागच्या सीटवर ऐसपैस बसणाऱ्या आपल्या लोकांना कोण सांगणार, हा वेगळाच विषय आहे.

तुमच्या पत्रात मला न दिसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे रस्ता. पद्मिनी १९८१ मध्ये होती तशीच आजही आहे. बदलले ते तिच्या आजूबाजूचे जग. तेव्हा वर्धा रोडवर तिच्या पुढे-मागे ॲम्बॅसेडर, ट्रक आणि स्कूटर असत, आणि सगळ्यांचेच ब्रेक साधारण सारखे होते. आज तुमच्या पुढची गाडी एबीएसच्या जोरावर जितक्या अंतरात थांबते, तितक्यात पद्मिनी थांबत नाही, आणि मागच्याला तुम्ही उशिरा थांबणार हे ठाऊक नसते. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी काढली की ओले ड्रम पहिले काही क्षण धरतच नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये एका रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांची काय दशा केली ते तुम्ही पाहिले असेल. आणि समृद्धी महामार्गाचा तर विचारच करू नका. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० ची मर्यादा आहे. त्या प्रवाहात ७० च्या चालीने जाणारी, मागे अंधूक लाल दिवे असलेली गाडी हा इतरांसाठीही धोका आहे.

मग ऊन. जुनी फियाट किंवा पद्मिनी नागपुरात चालवलेल्या कोणालाही मे महिन्यातला तो प्रसंग समजावून सांगावा लागत नाही: दुपारी सिग्नलला गाडी उभी राहते, इंजिन दोन आचके देते आणि बंद पडते, चालक उतरून बॉनेट उघडतो, बाटलीतल्या पाण्याने फडका भिजवून इंजिनाजवळच्या पेट्रोल पंपावर गुंडाळतो आणि वाट पाहत उभा राहतो. कारण साधे आहे. या गाडीचा पेट्रोल पंप इंजिनलाच जोडलेला असतो. तो आणि त्याची नळी तापली की आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. नव्या गाडीत पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्येच बुडालेला असतो आणि ते दाबाखाली पुढे ढकलतो, म्हणून हा प्रकार होत नाही. या शहराने २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश पाहिलेले आहेत. तुमच्या ८१ वर्षांच्या वडिलांना नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, दवाखान्यात न्यायचे असेल, तर ते तुम्ही कोणत्या गाडीने न्याल, याचे उत्तर मला नको, स्वतःला द्या. एसी नंतर बसवता येईल असे कोणी सांगेल. पण १०८९ सीसीच्या आणि जेमतेम चाळीस अश्वशक्तीच्या इंजिनावर एसीचा बोजा टाकला की उड्डाणपुलाचा चढ चढतानाच त्याची किंमत कळते.

पेट्रोलचेही तसेच आहे. पंपावर आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतले पाणी शोषून घेते आणि जुन्या पद्धतीच्या रबराला मऊ करते किंवा तडे पाडते. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत याचा परिणाम टाकीला आतून गंज, कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर आणि, सर्वांत वाईट म्हणजे, तापलेल्या इंजिनावर थेंब-थेंब गळणारी नळी असा होतो. गाडी ठेवायची असो वा विकायची, पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्या. हा खर्च फार नाही, आणि यात चालढकल करू नका.

"कुठलाही मेकॅनिक दुरुस्त करतो" हे म्हणणे वीस वर्षांपूर्वी खरे होते. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने ही गाडी शतक संपेपर्यंत बनत राहिली, आणि तिच्या सुट्या भागांची बाजारपेठ प्रामुख्याने मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींवर पोसली गेली. त्या टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. भाग अजूनही मिळतात, पण ते आता शोधावे लागतात, मागवावे लागतात, आणि आलेला भाग अस्सल आहे की कुणीतरी लेथवर काढलेला, हे ओळखणारा मिस्त्री साठीच्या पुढचा असतो. त्याच्या हाताखालचा मुलगा स्कॅनर लावून कोड वाचायला शिकला आहे. प्लग-पॉइंटचे अंतर कानाने आणि फिलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, जुळवायला त्याला कोणी शिकवलेले नाही आणि त्याची त्याला गरजही पडलेली नाही. म्हणून पद्मिनीवर पैसा घालण्याआधी गॅरेज नव्हे, माणूस शोधा, आणि तो आणखी किती वर्षे काम करणार आहे तेही स्पष्ट विचारा.

यात तुमची एक बाजू मात्र खरोखर वजनदार आहे, ती मी डावलणार नाही. नव्या गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग दुरुस्त होत नाहीत, बदलले जातात, आणि ते बदलायला कंपनी बाजारात असावी लागते. चाळीस वर्षांच्या पद्मिनीचा कार्ब्युरेटर आजही उघडून, धुऊन, किट घालून चालू करता येतो. आज घेतलेल्या गाडीचा पडदा किंवा कंट्रोल युनिट पंधरा वर्षांनी बिघडले तर काय करायचे, याची खात्री कोणीही देत नाही. उंदराने वायरिंग कुरतडल्यावर येणारे बिल पाहिलेल्या माणसाला हे पटवावे लागत नाही. पण तुमचा प्रश्न पुढच्या दहा वर्षांचा आहे, आणि त्या दहा वर्षांत रोज सकाळी गाडी निघेल याची शक्यता नव्या गाडीच्याच बाजूने आहे.

पैशाबद्दल थोडक्यात, कारण इथे फारसे गूढ नाही. नवी गाडी शोरूमबाहेर पडताच तिची किंमत उतरते, हे खरे. पण जुन्या गाडीची किंमत आपोआप चढते, हे खरे नाही. जी गाडी मुळात दुर्मिळ आहे किंवा जिचा इतिहास मोठा आहे, तिची चढते. पद्मिनी लोकांची गाडी होती आणि मोठ्या संख्येने बनली. साडेतीन लाख खर्चून चकचकीत केलेल्या पद्मिनीचे साडेतीन लाख देणारा माणूस तुम्हाला मिळेलच असे धरून चालू नका. अस्सल, मूळ भाग शाबूत असलेल्या गाडीला जाणकार जास्त मानतात, त्यामुळे नव्या रंगाचा आणि नव्या सीट कव्हरचा खर्च कधीकधी किंमत कमीच करतो. रोजच्या वापराचा हिशेब हवा असेल तर असा करा: वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले आणि पद्मिनीने लिटरला १२, तर नव्या छोट्या गाडीने १७ असे ॲव्हरेज दिले, तर वर्षाला सुमारे २४५ लिटर पेट्रोल जास्त लागते. लिटरला शंभर रुपये धरले तरी हे साडेचोवीस हजार होतात. एवढ्या पैशांत नव्या गाडीची वर्षाची सर्व्हिसिंग होऊन काही उरावे.

इतके सगळे वाचून तुम्हाला वाटेल की मला पद्मिनी आवडत नाही. तसे अजिबात नाही. तिच्या पुढच्या काचेच्या बाजूचे खांब इतके बारीक आहेत की चौकात वळताना कोपऱ्यातून येणारा सायकलवाला दिसतो. नव्या गाड्यांचे खांब सुरक्षेपायी इतके जाड झाले आहेत की त्यांच्या आड अख्खी दुचाकी लपते. खिडकीची ती छोटी त्रिकोणी काच नेमक्या कोनात फिरवली की वारा थेट गळ्यावर येतो. स्टेअरिंगवरचा गिअर मनगटाने वर-खाली करताना हाताला दातांची जाणीव होते, आणि पहिला टाकण्याआधी गाडी पूर्ण थांबू द्यायची असते, नाहीतर ती कुरकुरून सांगते. ताशी पन्नासलाही आपण काहीतरी करतो आहोत असे वाटते. नव्या गाडीत नव्वदलाही काही वाटत नाही, आणि माझ्या मते हा नव्या गाडीचा दोषच आहे. रविवारी सकाळी सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्यापर्यंत जायचे असेल आणि मला दोन किल्ल्या पुढे केल्या, तर मी पद्मिनीचीच उचलेन. वडिलांना दवाखान्यात न्यायचे असेल तर दुसरी. यात विसंगती काहीच नाही. दोन वेगळी कामे आहेत आणि तुम्ही ती एका गाडीवर लादू पाहत आहात.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर स्पष्ट आहे: घरची एकमेव गाडी म्हणून पद्मिनी नको. पत्नीचे आणि मुलीचे म्हणणे इथे योग्य आहे, आणि त्या दोघीही ती गाडी चालवणार असल्याने तिच्याबद्दल त्यांचा शब्द तुमच्याइतकाच मोजायला हवा. आठ लाखांत अगदी नवीच हवी असा हट्टही नको. चांगले तारे मिळवलेल्या मॉडेलची तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेतली तर हाताशी काही रक्कम उरेल, आणि तीच रक्कम दुसऱ्या प्रश्नात उपयोगी पडेल.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळण्याआधी वडील. ते त्यागाने "विकून टाक" म्हणत आहेत असा तर्क तुम्ही केला आहे, पण त्यांना विचारले आहे असे पत्रात कुठेही नाही. जरा त्यांच्या जागी बसून पाहा. १९८१ मध्ये मोटार घेणाऱ्यासमोर निवड अशी नव्हतीच: ॲम्बॅसेडर किंवा पद्मिनी, आणि तीही नाव नोंदवून, पैसे भरून, वर्षानुवर्षे थांबून. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हा त्याच पिढीने जराही न कचरता तिच्याकडे धाव घेतली. तुमच्या लहानपणी मागच्या सीटवर तुम्ही डुलक्या घेत असताना, चोक ओढणे, रेडिएटरमध्ये पाणी घालणे, उतारावर धक्का मारून गाडी सुरू करणे ही कामे त्यांनी केलेली आहेत. तुम्ही तिच्यात बसला आहात, त्यांनी ती सांभाळली आहे. त्यामुळे त्यांचे "डबा" म्हणणे हे मन मारून केलेले बोलणे नसून अनुभवाचे बोलणे असू शकते. किंवा खरोखरच तो त्यागही असेल. मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. एका सकाळी चहा झाल्यावर त्यांना पोर्चमध्ये घेऊन बसा आणि "विकू का" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. ही गाडी घेतली तेव्हा पैसे कुठून उभे केले, पहिला लांबचा प्रवास कुठे केला, सगळ्यात जास्त कुठे दगा दिला, असे विचारा. त्यांच्या उत्तरातून तुम्हाला कळेल की त्यांना गाडी हवी आहे की तिच्याबद्दल कोणीतरी ऐकून घ्यायला हवे आहे. दुसरे असेल तर त्यासाठी पार्किंग लागत नाही. आणि ते खरेच विका म्हणत असतील, तर गाडी ठेवण्याची इच्छा तुमची आहे हे मोकळेपणाने कबूल करा. पन्नाशीच्या माणसाला एक हौस असू शकते, तिला वडिलांच्या भावनेचे नाव देण्याची गरज नाही.

समजा, तुमची हौस आहे असे ठरले. मग अट एकच, पण कडक: जागा आणि सवय दोन्ही हवे. स्कीममध्ये एकच पार्किंग आहे, तेव्हा बिल्डरशी दुसऱ्या जागेबद्दल करार नोंदवण्यापूर्वीच बोला, नंतर ती जागा दुप्पट भावाने मिळते किंवा मिळतच नाही. बांधकामाची दोन-तीन वर्षे गाडी कुठे उभी राहील तेही आत्ताच ठरवा. गावाकडच्या शेडमध्ये ताडपत्री टाकून ठेवू, असा विचार मनात असेल तर त्यापेक्षा विकलेली बरी. उभी गाडी सुरक्षित राहत नाही. ताडपत्रीखाली दमटपणा साचतो, ब्रेक चिकटतात, टायर एका जागी बसतात, सीटमध्ये उंदीर नांदतात. दर आठवड्याला किमान अर्धा तास ती बाहेर काढून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवणे जमणार असेल, तरच ठेवा.

आणि साडेतीन लाखांचे "पूर्ण नवीकोरी" हे खूळ डोक्यातून काढा. एखाद्या रविवारी स्वतः बघा. पायाखालचे मॅट उचला आणि खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत आवाज आला तर बरे, भद्द आवाज आला किंवा टोक आत शिरले तर तिथे गंजाने पत्रा खाल्ला आहे. दरवाजांखालची पट्टी आणि मागचे स्प्रिंगचे पाटे जिथे बॉडीला टांगले आहेत ती जागा विशेष पाहा, कारण तिथला गंज रंगाने झाकता येतो पण बरा होत नाही. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१२ असे असेल तर तो टायर २०१२ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे, आणि नक्षी कितीही शाबूत दिसली तरी तो बदलायचाच. सांगाडा धडधाकट निघाला तर ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, वायरिंग आणि पुढचे पट्टे एवढेच करा. लाखभराच्या आत ते बसावे. रंग, क्रोम आणि गाद्या यांना घाई नाही. सांगाडाच गंजलेला निघाला, तर निर्णय गाडीनेच दिला असे समजा.

कागदपत्रांबाबत लोकांच्या मनात बराच गोंधळ आहे. पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी आता चालवता येत नाही, असे तुम्हाला अनेकजण सांगतील. तो निर्बंध दिल्ली आणि तिच्या आसपासच्या भागापुरता आला होता, नागपूरला लागू नाही. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करता येते. त्यासोबत पर्यावरण कर, पीयूसी आणि विमा लागतो. वीस वर्षांवरील मोटारीसाठी केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये हे नूतनीकरण शुल्क दहा हजार रुपये केले आहे. तुमच्या आरसीची मुदत कधीच संपली असण्याची शक्यता आहे, म्हणून आधी आरसी काढून तारीख बघा. नागपूरची एमएच-३१ मालिका येण्याआधीचा जुना क्रमांक असेल तर तो संगणकीय नोंदीत आहे की नाही हे आरटीओच्या शहर कार्यालयात विचारा. नसल्यास बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकात चढवून, करून घ्यावी लागते आणि तिच्याशिवाय उच्च सुरक्षा नंबर प्लेटही मिळणार नाही. व्हिंटेज नोंदणीचे २०२१ चे नियम पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी आहेत, म्हणजे तुमची पद्मिनी २०३१ पर्यंत त्यात बसत नाही, आणि बसल्यावरही त्या नोंदणीवर गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. विम्याच्या वेळी गाडीची किंमत कंपनीशी बोलून ठरवता येते, तेव्हा फोटो आणि दुरुस्तीची बिले जपून ठेवा.

मुलीच्या शिकण्याबद्दल: पद्मिनी चालवता आली की काहीही चालवता येते, हे मलाही मान्य आहे, पण ती तिची दुसरी गाडी असू द्या. गाडीत बसताच हात आपोआप पट्ट्याकडे जाणे ही सवय पहिल्या दिवसापासून लागायला हवी, आणि ती पट्टा नसलेल्या गाडीत लागत नाही. परवाना हाती आल्यावर, पद्मिनीला पट्टे बसवल्यावर, रिकाम्या रस्त्यावर तिला जरूर बसवा. ब्रेक लवकर लावावा लागतो, पुढचा काय करील ते आधी ओळखावे लागते, हे तिथे ती चांगले शिकेल.

राहता राहिले ते ७० हजारवाले गृहस्थ. विकायचे ठरले तरी यांना सध्या थांबवा. "कागदपत्रांचे नंतर पाहू" हे वाक्य ज्या व्यवहारात येते तो व्यवहार करू नये, कारण आरसीवर तुमच्या वडिलांचे नाव असेपर्यंत त्या गाडीने केलेल्या अपघाताची भरपाई त्यांच्याकडे मागितली जाऊ शकते. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेला आहे. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर लागणाऱ्या सह्या, खरेदीदाराच्या ओळखपत्राची प्रत, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, आणि विकल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवणे, एवढे झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. सह्या वडिलांना कराव्या लागणार आहेत, तेव्हा त्यांच्याशी बोलणे तुम्हाला टाळता येणार नाहीच. आणि ग्राहक शोधायचाच असेल तर गाडी भंगारात देणाऱ्याऐवजी चालवणारा शोधा. शहरात जुन्या गाड्यांची हौस असलेली मंडळी आहेत, तुमच्या मिस्त्रीला ती ठाऊक असतील, आणि तो माणूस पाच-दहा हजार कमी देत असला तरी त्यालाच द्या.